उपग्रह, आकडे आणि गावचे वाचनालय

(भंडारदरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत पाणी, वनहक्क आणि शेतमालाचे भाव यांच्या रांगेत ‘वाचनालय आणि उपग्रह’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या गावांत फेब्रुवारी उलटला की हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालावे लागते, तेथे आकाशातल्या यंत्रांची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. परंतु हा विषय पाण्याचा आणि जमिनीचाच आहे, असे मला दाखवावयाचे आहे.

आपण बसलो आहोत त्या जागेपासूनच आरंभ करू. प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली पुरे झाले आणि त्या वेळच्या गव्हर्नरांच्या नावाने त्याचे ‘विल्सन धरण’ असे नामकरण झाले. ११,०३९ दशलक्ष घनफूट ही त्याची क्षमता. या पाण्यावर खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या भागांत ऊस उभा राहिला आणि त्या उसावर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. धरणाच्या वरच्या अंगाला घाटघर, रतनवाडी, साम्रद ही गावे आहेत. घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि याच पट्ट्यात उन्हाळ्यात टंचाई असते. पाणी अडवले जाते ते येथे, मोजले जाते ते येथे, पण त्याचा हिशेब मात्र येथे राहत नाही. पावसाळ्यात धरणात किती दशलक्ष घनफूट पाणी आले हे रतनवाडीच्या माणसाला, कळलेच तर, शहरात छापलेल्या वर्तमानपत्रातून कळते. आपल्याच छपरावर पडलेल्या पावसाचा आकडा त्याला दुसऱ्याकडून ऐकावा लागतो.

ही गोष्ट क्षुल्लक नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ साली झाला. तेव्हापासून गोदावरी खोऱ्यातील वरच्या धरणांनी जायकवाडीसाठी किती पाणी सोडावे, हा वाद आकड्यांवरच लढवला जात आहे. पाणलोटातला पाऊस, धरणातला साठा, वाटेतली तूट, पिकाखालचे क्षेत्र, या प्रत्येक बाबतीत ज्याच्या हाती आकडा आहे तो बोलतो आणि ज्याच्या हाती नाही तो ऐकतो. मराठवाड्यातील शेतकरी आणि नगर-नाशिकचा बागायतदार निदान या वादाचे पक्षकार तरी मानले जातात. पाणलोटातला महादेव कोळी आणि ठाकर समाज त्यात पक्षकार म्हणूनही नाही.

आता उपग्रहाकडे वळू. आपल्या देशात उपग्रहाचा आणि खेड्याचा संबंध नवा नाही. सह्याद्रीच्या एका रांगेपलीकडे, जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७१-७२ च्या सुमारास देशातले पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले आहे. त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट पोचवण्याचा प्रयोग झाला. गावात एक संच, छपरावर तारेच्या जाळीची तीन मीटरची थाळी, आणि संध्याकाळी त्यापुढे जमलेले सारे गाव. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा प्रयोग असामान्य होता आणि आपल्या तंत्रज्ञांनी त्यात जे कसब दाखवले त्याबद्दल अभिमानच वाटावा. परंतु त्याची दिशा एकच होती. वरून बोलायचे आणि खाली ऐकायचे. प्रयोग सुरू झाला तेव्हा आणीबाणी लागू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते, हेही विसरता येत नाही. वर्ष संपले, उपग्रह ज्याचा होता त्याने तो परत नेला आणि थेट आकाशातून होणारे ते प्रक्षेपण थांबले.

त्या प्रयोगातून दोन धडे घेता येतात. उपग्रहाचे तंत्र खेड्यात चालवता येते, हा पहिला. यंत्र गावात बसले म्हणून ज्ञान गावाचे होत नाही, हा दुसरा.

गेल्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्रात एक नवी गोष्ट घडली आहे आणि आपल्या वर्तुळात तिची फारशी दखल घेतली गेलेली नाही. २०१४ साली अथेन्समधील काही हौशी तंत्रज्ञांनी ‘सॅटनॉग्ज’ नावाचा उपक्रम सुरू केला. पृथ्वीच्या जवळून फिरणारा उपग्रह एका ठिकाणाहून एका फेरीत दहा-पंधरा मिनिटेच दिसतो. म्हणजे एकट्या केंद्राला त्याचा बहुतेक वेळ पत्ताच नसतो. यावर त्यांनी उपाय काढला तो सहकाराचा. जगभर लोकांनी आपापल्या छपरावर लहान केंद्रे उभारावीत, एकमेकांना ती वापरू द्यावीत, आणि मिळालेले सर्व संदेश सर्वांसाठी खुले ठेवावेत. यंत्राचे आराखडे खुले, आज्ञावली खुली, आणि नोंदीही खुल्या. आज अशी शेकडो केंद्रे आहेत आणि लक्षावधी नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडील सहकारी दूध संस्थेत ज्याप्रमाणे एका म्हशीचा मालकही सभासद असतो, त्याप्रमाणे येथे एका अँटेनाचा मालकही सभासद आहे.

याच कल्पनेला ग्रंथालयाची जोड अमेरिकेत मिळाली. हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राच्या वोल्बाख ग्रंथालयाने वरील उपक्रमामागील लिब्रे स्पेस फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्याने ग्रंथालयांमध्ये अशी केंद्रे बसवण्याचा प्रयोग हाती घेतला. केंद्र बसवायचे, वाचकांनीच ते जोडायचे, आणि त्यातून येणाऱ्या नोंदी कशा लिहाव्यात, कशा जपाव्यात व कशा वाटून घ्याव्यात हे ग्रंथपालाने शिकवायचे, असा तो बेत आहे. नोंद करणे, वर्गवारी लावणे, जपून ठेवणे आणि मागेल त्याला देणे हे तर ग्रंथपालाचे मूळचेच काम आहे. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच ग्रंथाच्या उपयोगाविषयी आहे. तोच नियम आकड्यांनाही लावावयाचा आहे.

अशा केंद्राला लागते तरी काय? एक साधा संगणक, त्याला जोडायचा बोटाएवढा रेडिओ-ग्राहक, काही मीटर केबल, आणि अँटेना. हवामानाचे काही उपग्रह १३७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चित्रे पाठवतात. त्या लहरीची लांबी सव्वादोन मीटरांच्या आत-बाहेर असते. म्हणून तिच्या चतुर्थांशाएवढ्या, म्हणजे साधारण ५३ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवल्या की कामचलाऊ अँटेना तयार होते. संगणक असेल तर बाकीचा खर्च काही हजार रुपयांच्या घरात जातो. भंडारद्यासारख्या ठिकाणी एक अडचण आहे आणि एक सोय आहे. चहूकडे डोंगर असल्यामुळे क्षितिज उंच आहे. उत्तरेला तर १,६४६ मीटरचे कळसूबाईच उभे आहे. त्यामुळे उपग्रह उशिरा दिसेल आणि लवकर मावळेल. मात्र याच डोंगरांमुळे शहरातला विद्युत-गोंगाट येथे पोचत नाही. खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण मुंबई-पुण्यात न उभारता जुन्नर तालुक्यात उभारण्यामागे असाच विचार होता.

येथे एक इशारा दिला पाहिजे. अमेरिकेचे तीन जुने हवामान उपग्रह वर्षानुवर्षे अशी चित्रे पाठवत होते आणि जगभरच्या हौशी मंडळींचे पहिले धडे त्यांवरच होत असत. २०२५ च्या जून ते ऑगस्ट या काळात ते तिन्ही बंद करण्यात आले. रशियाच्या मेटेऑर-एम मालिकेतील उपग्रह याच पट्ट्यात चित्रे पाठवतात, म्हणून मार्ग खुंटलेला नाही. परंतु ज्याचा उपग्रह त्याची मर्जी, हा १९७६ चा धडा पुन्हा एकदा मिळाला. यावरचे उत्तर हात आखडून बसणे हे नव्हे. आपल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला. पोरांनी केलेला उपग्रह आकाशात जाऊ शकतो, तर त्याचा आवाज ऐकणारे केंद्र तालुक्याच्या वाचनालयावर का असू नये?

परंतु केवळ चित्र मिळवण्याच्या आनंदासाठी मी हा विषय मांडलेला नाही. छपरावरच्या अँटेनावर येणारे चित्र ढोबळ असते. त्यात अरबी समुद्रावरचा ढगांचा पट्टा दिसेल, पण कोणाचे शेत दिसणार नाही. ते केंद्र म्हणजे शाळा आहे. आकाशातून आलेले चित्र म्हणजे दैवी साक्ष नसून मोजमाप आहे, त्याला सीमा आहेत, त्यात चुका असतात, आणि ते वाचायला शिकावे लागते, ही दृष्टी तेथे मिळते. या दृष्टीची आपल्या भागात किती निकड आहे हे वनहक्काच्या उदाहरणावरून पाहू.

२००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला हक्क मिळतो. अनेक ठिकाणी दावे तपासताना उपग्रह-चित्रावर बोट ठेवून सांगण्यात आले की येथे त्या काळी शेती दिसत नाही, सबब दावा नामंजूर. आता विचार करा. लँडसॅटसारख्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, म्हणजे ९०० चौरस मीटर, अर्थात सुमारे नऊ गुंठ्यांचा. उतारावरची वीस गुंठ्यांची वरई-नाचणीची पट्टी अशा चित्रात दोन-अडीच ठिपक्यांची होते, आणि तिच्या कडेची झाडे त्याच ठिपक्यांत मिसळतात. पावसाळ्यात, म्हणजे पीक उभे असते तेव्हा, या डोंगरावर ढग असतात आणि चित्र मिळत नाही. म्हणून निरभ्र आकाशाचे हिवाळी वा उन्हाळी चित्र घेतले जाते. तेव्हा पीक निघालेले असते आणि ती जमीन गवताळ माळासारखी दिसते. चित्र खोटे नसते, पण त्याचा लावलेला अर्थ खोटा असू शकतो. २०१२ साली दुरुस्त झालेल्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की उपग्रह-चित्र हा इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. गुजरातच्या उच्च न्यायालयानेही २०१३ साली याच अर्थाचा निर्णय दिला. परंतु तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी संगणकाचा पडदा समोर फिरवला की नियमाचे पुस्तक कोणाला आठवते? ‘साहेब, हे चित्र कोणत्या महिन्याचे? एक ठिपका किती गुंठ्यांचा?’ एवढे दोन प्रश्न विचारणारी व्यक्ती प्रत्येक वाडीत तयार झाली तर पडद्याचा धाक ओसरेल.

आणि ही चित्रे मिळवणे आता अवघडही नाही. लँडसॅटचा सारा संग्रह २००८ पासून विनामूल्य आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची दहा मीटरपर्यंतची चित्रे खुली आहेत. आपल्या ‘इस्रो’चे ‘भुवन’ २००९ पासून आहे. भारत आणि अमेरिका यांनी मिळून ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला ‘निसार’ उपग्रह रडारच्या साहाय्याने ढगांतूनही पाहू शकतो आणि त्याची माहिती खुली ठेवण्याचे धोरण आहे. केंद्र सरकारने २०१२ साली शासकीय आकडेवारी खुली करण्याचे धोरण स्वीकारले, २०२१ साली नकाशांवरचे निर्बंध सैल केले, आणि २०२३ च्या अंतराळ धोरणात पाच मीटर व त्याहून ढोबळ चित्रे विनामूल्य देण्याचे म्हटले आहे.

मग कमी कशाची आहे? ज्याच्याजवळ साधने व शिकलेली माणसे आहेत त्यालाच खुली माहिती खऱ्या अर्थाने खुली असते. विमा कंपनी, खत कंपनी, जमिनीचा मोठा व्यापारी यांच्या पदरी अभियंते असतात. ते फुकटची माहिती घेतील, तिच्यावर नफा कमावतील, आणि तीच माहिती शेतकऱ्याला सल्ला म्हणून विकत देतील. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेल्या संपत्तीचा असा खाजगी उपभोग ही आपल्याला नवी गोष्ट नाही. धरणाच्या पाण्याचे जे झाले तेच माहितीचे होऊ द्यायचे काय, हा खरा प्रश्न आहे. माहिती मिळवण्याच्या हक्काचा लढा आपल्याच नगर जिल्ह्यातून, राळेगणसिद्धीतून, जोमाने चालला. राज्याचा कायदा २००२ साली आणि देशाचा २००५ साली झाला. त्या हक्काची पुढची पायरी म्हणजे मिळालेल्या माहितीचा अर्थ लावण्याची शक्ती.

यासाठी वाचनालयच का? शाळा मुलांची असते आणि सुटीत बंद राहते. पंचायतीची कचेरी निवडणुकीबरोबर रंग बदलते. वाचनालय हीच अशी जागा आहे की जेथे कोणीही, कोणत्याही वयात, कारण न सांगता जाऊन बसू शकतो. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. १९६७ साली राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि आज हजारो अनुदानित ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत उभी आहेत. परंतु या कायद्यात तमिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे ग्रंथालय-कराची तरतूद नाही. सर्व डोलारा अनुदानावर आहे, आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल ज्या मानधनावर दिवस काढतो ते सांगताना लाज वाटावी. तेव्हा एक गोष्ट स्वच्छ सांगतो. या नव्या कामाचा बोजा त्याच्या डोक्यावर फुकट टाकायचा असेल तर ही योजना मांडूच नये. ग्रंथपालाला पुरेसे वेतन ही तिची पहिली अट आहे.

काही साथी म्हणतील, रेडिओची भानगड सरकारला रुचणार नाही. खरे आहे, आकाशलहरींवर ताबा ठेवण्याची राज्यकर्त्यांची सवय जुनी आहे. पण ती मोडण्याची आपली परंपराही जुनी आहे. १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, आणि डॉ. राममनोहर लोहिया त्या कामाशी जोडलेले होते. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. आज आपल्याला गुप्तपणे काही करावयाचे नाही. प्रक्षेपणासाठी परवाना लागतो आणि तो लागावाही. वाचनालयाने केवळ संदेश ग्रहण करण्यास मुभा आहे, असे शासनाने एका वाक्यात स्वच्छ लिहून द्यावे, एवढीच मागणी आहे.

खुलेपणालाही विवेक हवा, हे मी आपल्या मंडळींना विशेषेकरून सांगतो. पाऊस, विहिरीची पातळी, ढगांचे चित्र या नोंदी जगाला देण्यात संकोच नको. परंतु कोणाच्या दाव्यातली जमीन, देवराईतली वनस्पती, औषधी मुळ्यांच्या जागा यांची नोंद ग्रामसभेच्या संमतीवाचून बाहेर जाऊ नये. दुबळ्याची माहिती उघडी आणि बलवानाची झाकलेली, असा खुलेपणा आपल्याला नको आहे.

शेवटी कामाचे बोलू. अकोले, राजूर व शेंडी या तीन ठिकाणांपैकी जेथे चालते वाचनालय आणि राजी असलेली समिती मिळेल तेथे एक केंद्र उभारावे. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या चार मुला-मुलींनी ते सांभाळावे, आणि त्यांत निम्म्या मुली असाव्यात. केंद्राबरोबर वरच्या पाच वाड्यांत साधे पर्जन्यमापक ठेवावेत. रोज सकाळी साडेआठला नोंद व्हावी, आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या विहिरींची पातळी दोरीने मोजावी. या नोंदी वाचनालयातील एका वहीत मराठीत लिहाव्यात, भिंतीवर लावाव्यात आणि मग संगणकावर चढवाव्यात. वही आधी, संगणक नंतर, हा क्रम बदलू नये, कारण वही वाडीतल्या म्हातारीलाही वाचून दाखवता येते. महिन्यातून एका संध्याकाळी उपग्रह-चित्र वाचण्याचा वर्ग भरवावा आणि त्यात वनहक्काचे प्रलंबित दावे समोर ठेवूनच शिकवावे. जलसंपदा खात्याकडे आपण मागणी करावी की धरणाचा रोजचा साठा, आवक व विसर्ग यांचे आकडे पाणलोटातील वाचनालयांना त्याच दिवशी मिळाले पाहिजेत.

एका पावसाळ्यात यातून क्रांती होणार नाही. पण पाच वाड्यांच्या पाच वह्या भरल्या की पुढच्या टंचाई-आढाव्याच्या बैठकीत आपली माणसे आकडे घेऊन उभी राहतील. उद्या सकाळच्या सत्रात वाड्यांची निवड आणि नोंद ठेवणाऱ्यांची नावे ठरवावयाची आहेत. पर्जन्यमापक मेअखेर जागेवर बसले पाहिजेत, कारण मृगाच्या आधीच येथे वळवाच्या सरी येतात आणि पहिली नोंद त्यांचीच व्हावयास हवी.